साइडिंगच्या टोकाची जागा

मामंजी,

उद्या सकाळी मला कचेरीत सही करायला जायचं आहे. स्टेशनजवळची आपली जागा विकली जाते आहे. हे तुमच्या कानावर आधी घालायला हवं असं आठवडाभर वाटतंय. तुमच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावताना दोनदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला बोलताना अडखळायला होतं आणि लिहिताना होत नाही, हे या घरात पहिल्यांदा तुमच्याच लक्षात आलं होतं. म्हणून आज दुपारची भांडी तशीच ठेवून बसले आहे. गुडघे दुखतात, जेवणं झाली की अंग जड होतं. तरी म्हटलं हे उद्यावर टाकायचं नाही, कारण उद्यानंतर लिहिलं तर ते सांगणं राहणार नाही, नुसतं कळवणं होईल.

तुमच्या डोक्यात ती जागा केव्हा शिरली ते मला नक्की आठवतं. अंगणात हिरडा वाळत घातला होता. वाडीतल्या बाया डोंगरातून पाट्या भरभरून आणत होत्या, मी एकेकीचं नाव लिहून घेत होते, आणि तुम्ही पुण्याहून परत आलात ते चपला न काढताच ओट्यावर बसलात. मी पाणी दिलं. तुम्ही तांब्या हातात धरून म्हणालात, "त्यो अडत्या म्हनतो, माल वला हाय. माझा हिरडा वला! मी दातानं फोडून दावला त्याला. तर म्हनतो, मामा, तुमचे दात चांगले हायेत." आत्याबाई आतून हसल्या; नवऱ्याला हसायची हिंमत या घरात त्यांचीच. तुम्ही हसला नाहीत. आपल्या डोंगरातला हिरडा मद्रासकडं चामडं कमावायच्या कारखान्यांना जातो, तो जातो रेल्वेनं, आणि आपण तो पुण्यात दुसऱ्याच्या दारात ओतून मोकळे होतो, हे तुम्हाला डाचत होतं. "आपल्या दारात गाडी लागली पायजे," म्हणालात. "आपल्या हातानं भरायची, आपल्या डोळ्यादेखत सील करायची. मंग वला का सुका ते मद्रासवाला बगंल." मुळशीत रेल्वे नाही. दारात गाडी लागायची तर दारच रेल्वेपाशी न्यायला हवं, हे मला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला पाणी पिता पिताच कळलं होतं.

जागा बघायला तुम्ही मला घेऊन गेलात यावरून घरात किती बोलणी झाली! ह्यांनासुद्धा ते आवडलं नव्हतं. तुम्ही एकच सांगितलंत, "रेल्वेचे कागद हायेत, माझा आंगठा त्यांना पटत न्हाई. सही करनारं मानूस पायजे. आन ह्याची सही ह्याला सवताला वाचता येत न्हाई." पुढं जागेच्या खरेदीखतावर ह्यांच्या जोडीला माझंही नाव घातलंत ते याच कारणानं, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. दुसरं काही कारण असलं तर ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही.

कासारसाईवरून एसटीनं गेलो आणि पुढं चालत. स्टेशन लहानसं. मालधक्क्याच्या पलीकडं कौलांचा एक बंद पडलेला कारखाना होता, आणि त्याच्यासाठी टाकलेला रुळांचा फाटा, साइडिंग, गवतातून तसाच टोकापर्यंत गेलेला होता. रेल्वे तो पुन्हा वापरायला देणार होती. त्याच्या कडेला दोन जागा होत्या. पहिली रस्त्याला लागून, सपाट, आंब्याची दोन झाडं आणि गोड्या पाण्याची विहीर. दुसरी साइडिंगच्या अगदी टोकाला, उंचवट्यावर, सगळी खडकाळ आणि बाभळीनं भरलेली. मी विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हटलं, "मामंजी, ही घ्या. सावली आहे, पाणी आहे." तुम्ही कोपरीच्या खिशातून एक हिरडा काढलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. "आपल्याला ऱ्हायाला यायचं न्हाई, सूनबाई. ह्याला ऱ्हायाचंय. सावली पायजे का ते ह्याला इचार." शेजारी स्टेशनातला हमाल उभा होता, तो फिसकन हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता हसू येतं, पण त्या दिवशी परत येताना मी एसटीत तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही मला चण्याची पुडी घेऊन दिलीत, एकादशी आहे हे विसरून. मी ती पुडी पदराला बांधून घरी आणली.

पण टोकाच्या जागेवर मीही एक गोष्ट बोलले होते, आणि ती तुम्ही मानलीत. मी म्हटलं, "इथं ट्रक वळणार कुठं?" तुम्ही म्हणालात, आपल्या बैलगाड्या हायेत की. मी म्हटलं, बैलगाड्या किती दिवस पुरणार?  मग गोदामाचा नकाशा मागं सरकवून पुढं मोठं अंगण सोडलंत. ते अंगण लक्षात ठेवा, त्याची गोष्ट शेवटी येणार आहे.

तरी माझ्या विहिरीच्या जागेला तुम्ही एकदम नाही म्हटलं नाहीत. पावसाळा होता. तुम्ही माझ्याकडं खडेमीठ मागितलंत. मी दोन फडक्यांत दोन पुरचुंड्या बांधून दिल्या. आत्याबाई म्हणाल्या, "घरातलं मीठ परक्या रानात न्हेऊन टाकू नगा, लोक कायबाय समजतील." तुम्ही ऐकता होय! दोन्ही जागांवर एकेक पुरचुंडी ठेवलीत, वर मातीचं परळ पालथं घातलंत आणि आलात. आठवड्यानं आपण बघायला गेलो तर विहिरीच्या जागेत परळाभोवती हळद-कुंकू, एक लिंबू, आणि रेल्वे फाटकावरच्या माणसाची बायको कमरेवर हात देऊन उभी.

"कुना मेल्यानं माझ्या दारात मीठ पुरलंय? पोर तापानं फनफनलंय चार दिस झालं!"

तुम्ही मला पुढं केलंत. मी म्हटलं, "अहो काकू, आम्ही इथं गोदाम बांधतोय."

"मिठाचं?"

"नाही, हिरड्याचं."

"मंग मीठ कशापाय?"

तेवढ्यात तुम्ही परळ उचललंत. फडकं ओलंगच्च, मिठाचं नुसतं पाणी झालेलं. "ह्यापाय," तुम्ही म्हणालात. "हितं माझा हिरडा काळा पडला आसता, बाई. तू मला वाचवलंस बग." तिनं काय वाचवलं ते तिला कळलं नाही, पण तिचे कमरेवरचे हात खाली आले. टोकाच्या जागेतली पुरचुंडी सोडली तर मिठाचे खडे बोटाला खरखरीत लागले. तिथल्या तिथं तुम्ही एक खडा तोंडात टाकलात, मलाही दिलात. "लाग आता कामाला," म्हणालात. निघताना मी त्या बाईच्या पोरासाठी पदराला बांधलेला देवीचा अंगारा देऊन आले. पोर दोन दिवसांत उठलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं, तुमच्यावर तिचा राग होता तो होताच.

मग गोदाम झालं, आणि त्याच्यापुढं रुळाच्या कडेला ओटा. गाडीचा तळ आणि ओटा एका पातळीत आला की हमालाला पोतं पाठीवर घेऊन चढावं लागत नाही, सरळ चालत आत जाता येतं. गवंडी माप मागत होता. मालधक्क्यावर एक रिकामी गाडी उभी होती, तुम्ही तिच्याजवळ जाऊन छाती टेकून उभे राहिलात, तळ कुठं लागतो तिथं बोट धरलंत, आणि तसेच बोट छातीवर ठेवून रूळ ओलांडून चालत आलात. फाटकापाशी माणसं बघत राहिली. गवंड्याला म्हणालात, "हितवर." त्यानं भिंतीशी तुम्हाला उभं करून कोळशानं रेघ मारली. तो ओटा आणि गाडीचा तळ यांत बोटभरही फरक पडला नाही.

आता तो शब्द. वॅगनला मराठीत वाघीण कुणी म्हटलं देव जाणे, पण रेल्वेच्या मराठी पत्रात तोच शब्द होता आणि स्टेशनात मालाच्या पावत्या करणाऱ्या मालबाबूच्या तोंडी तोच. तुमच्या मागणीवर उत्तर आलं, "आपणांस एक वाघीण मंजूर करण्यात येत आहे." मी मोठ्यानं वाचायला लागले आणि आत्याबाईंनी धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. आपल्याकडं त्या जनावराचं नाव घेत नाहीत. डोंगराची वस्ती, गुरंढोरं सगळ्यांची. वाघजाई देवीच्या नावात आहे तेवढंच तोंडून जातं, एरवी 'मोठं जनावर' म्हणायचं. नाव घेतलं की ते येतं. मी मॅट्रिक झालेली, मला हसू यायचं. पण सून होते. आपल्या घरात मग 'गाडी' असंच म्हणायचं ठरलं, आणि वाडीतल्या माणसांना तो शब्द कुणी कळवलाच नाही. भरणी करायला आपल्याच वाडीतली माणसं न्यायची, स्टेशनातले हमाल लावायचे नाहीत, हा तुमचा हट्ट होता. ज्यांनी हिरडा वेचला त्यांच्याच घरच्यांनी तो गाडीत चढवावा.

त्या दिवशी तुम्ही पहाटेच स्टेशनात होता. हे पुण्याला. गाडी लागली की ठरल्या वेळात भरायची, नाहीतर ती तशीच रिकामी ओढून नेतात आणि आपलं नाव पुन्हा यादीच्या तळाला, हे मालबाबूनं बजावलेलं. तुम्ही दुधाच्या ट्रकवाल्याकडं निरोप दिलात. तो बिचारा नगरकडचा माणूस. वाडीच्या तोंडाला ट्रक थांबवून ओरडला, "वाघीण आलीय! मामांनी सांगितलंय, असाल तसे निघा!" आणि तो पुढच्या वाडीची दुधाची कॅन आणायला गेला.

माणसं असतील तशी निघाली. गुरं सोडली, शेळ्या पुढं घातल्या, पोरं कडेवर घेतली आणि सगळी वाडी देवीच्या देवळात जाऊन बसली. ताशा वाजायला लागला. आपल्या दारापाशीही आरडाओरडा झाला, आत्याबाईंनी कडी घातली आणि माझा हात घट्ट धरून मला चुलीपाशी बसवलं. मला क्षणात उमगलं. म्हटलं, "आत्याबाई, अहो ती तसली नाही, ती—" झालं, पुन्हा तोंडावर हात.

"नाव घ्यू नगंस!"

"नाव नाही घेत. पण मामंजींची आलीय."

"मामंजींची कोन आलीय?"

"ती हो, ते जिच्यासाठी सहा महिने खेटे घालतायत."

आत्याबाईंचा हात सुटला. "कोन बाई हाय ती?"

मी कपाळावर हात मारला आणि कडी काढून तशीच अनवाणी देवळाकडं पळत सुटले. नवऱ्याच्या गावात मी पहिल्यांदा आणि शेवटचं तेव्हा पळाले. वाडीतला आपला मुकादम देवळाच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा. मला बघून ओरडला, "वैनी, आत या, आत या!" मी म्हटलं, "अहो, लोखंडाची आहे! रुळावरची! मामंजी तिथं एकटे आहेत!"  त्यानं कुऱ्हाड खाली टाकली. "मंग गाडी म्हना की वो! चार पायाची म्हनून आमी हितं नवस बोलून बसलो." आतून एक म्हातारी म्हणाली, "मी तर कोंबडा कबूल केलाय, आता कुनी द्यायचा?" मुकादम म्हणाला, "मामा देतील. त्यांच्याच जनावरापायी केलास." दुधाचा ट्रक परत येताना आडवा घालून थांबवला. कॅनांच्या अधेमधे दाटीवाटीनं सगळी बसली. मीही चढले. 

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. तुम्ही एकटेच पोती ओढत होता. पाठीवर घेत नव्हता, ओट्यावरून सरळ ओढत आत नेत होता, ओटा पातळीत होता म्हणूनच ते जमत होतं. धोतर हिरड्याच्या भुकटीनं पिवळं झालेलं, ओठ सुकलेले. मला बघून म्हणालात, "ही कुटं हुती समदी?" मुकादम मान खाली घालून म्हणाला, "देवळात. वाघिनीच्या भ्यानं." तोच शब्द, सगळ्यांदेखत, त्याच्याच तोंडून. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, गाडीकडं बघितलंत, आणि पोत्यावर बसून असे हसलात की खोकला लागला आणि मालबाबू धावत पाणी घेऊन आला. तुम्हाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. मग माणसं भिडली. इंजिन यायच्या आत गाडी भरली. मालबाबूनं सील लावलं. मी नारळ आणला नव्हता. स्टेशनातल्या टपरीवाल्याकडून एक मागून घेतला, गाडीच्या दाराला हळद-कुंकू लावलं, आणि तुम्ही तिच्या लोखंडावर, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा हात ठेवून म्हणालात, "सरळ जा बाई. वाटंत कुटं थांबू नगंस." घरी आल्यावर आत्याबाईंनी तुम्हाला जेवायला वाढलं, पण चार दिवस त्या तुमच्याशी धड बोलल्या नाहीत. कोंबडा तुम्ही दिलात.

त्यानंतर किती गाड्या गेल्या, सगळं माझ्या वहीत आहे, पण आज वही काढायचा उत्साह नाही. बरी वर्षं होती. मद्रासवाल्यानं एकदाही 'ओला' म्हटलं नाही. तुम्ही गेलात त्या वर्षीही शेवटची गाडी तुम्ही हात ठेवूनच पाठवलीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. कुणी वाईट वागलं असं नाही. रेल्वेनं सुट्या गाड्या द्यायच्या हळूहळू कमी केल्या आणि मग बंदच केल्या. आता भरायची तर अख्खी मालगाडी भरा म्हणतात. आपला सगळा डोंगर खरवडला तरी अख्खी मालगाडी भरत नाही. हे वर्षभर अर्ज देत राहिले, मी लिहून देत होते. मालबाबू बदलून गेला. नव्या माणसानं ह्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "काका, दिवस गेले आता." चामड्याच्या कारखान्यांना पावडरी आल्या, हिरड्याला विचारणारे कमी झाले. थोडाफार माल जातो तो ट्रकनं, परत त्या पुण्याच्या अडत्याकडंच. आता त्याचा मुलगा बसतो. तोही म्हणतो, माल ओला आहे.

उरवड्याकडं कारखाने उठतायत, ह्यांना तिथं शेड घ्यायची आहे. भूगावच्या रस्त्यानं दिवसरात्र ट्रक चालतात. हे म्हणाले, "अगं, रूळ गंजलेत. मी काय तिथं रोज हळद-कुंकू लावायला जाऊ?"  घेणारा ट्रान्सपोर्टवाला आहे. त्याला गोदाम नको, ओटा नको, तो पाडणार. त्याला तुम्ही सोडलेलं अंगण हवं आहे, ट्रक वळायला. म्हणाला, इतकी ऐसपैस जागा या भागात दुसरी नाही, ज्यानं ठेवली त्याला दृष्टी होती. हे म्हणाले, आमच्या वडिलांनी. मी चहाचे कप आत घेऊन गेले.

तर सही उद्या आहे. माझी सही झाल्याशिवाय व्यवहार होत नाही, आणि मी ती करणार आहे. नाही म्हणावं असंही मनात येऊन गेलं. पण नाही म्हणून मी काय राखणार, बाभळी? मला राग नाही. दमले आहे एवढंच. तुमचं काम मी नासवलं असं तुम्हाला वाटू नये, इतकीच इच्छा आहे.

आणि एक. परवा मी ह्यांना न सांगता तिकडं जाऊन आले. फाटकावर आता दुसरी माणसं आहेत. ओट्यावर गवत आहे, पण कड शाबूत आहे. मी तिच्याशी टेकून उभी राहिले तर ती माझ्या गळ्याशी आली. तुम्ही केवढे होता हे मी विसरले होते, तिथं कळलं. तसबिरीत माणूस बसलेला असतो. उन्हं उतरली होती, दिवे लागायची वेळ, जवळपास कुणी नव्हतं. साइडिंगच्या टोकाकडं तोंड करून मी तो शब्द घेतला. नुसता पुटपुटले नाही, चांगला मोठ्यानं हाक मारल्यासारखा, दोनदा. नाव घेतलं की येते म्हणतात ना? मग कान देऊन उभी राहिले. मेन लाइननं एक लांबलचक मालगाडी आली, सगळी भरलेली, आणि न थांबता निघून गेली.

शेवटची एसटी चुकली, दुधाच्या गाडीनं परत आले. ह्यांना सांगितलं, देवळात कीर्तन लांबलं. तिकडं आत्याबाई तुमच्याजवळच असतील. सहीचं त्यांना सांगा हवं तर. पण भर दिवेलागणीला मी नाव घेतलं, हे तेवढं सांगू नका.